तिसरी बट

आमच्या डोंगरावर बाईच्या केसांना कात्री एकदाच लागते, अठराव्या वर्षी. ती कापलेली बट आजीपाशी राहते आणि लग्न झालं की मुलीबरोबर सासरी जाते. त्याखेरीज फणीत येणारा गळालेला केसही आम्ही टाकत नाही. धुऊन, सरळ करून, दोऱ्याने बांधून त्याची वेगळी बट करतो. म्हणून लेकुरवाळ्या बाईच्या कपाळावर जो अंबाडा दिसतो तो तीन बटांचा असतो. एक डोक्यावरची, एक कापलेली, एक गळालेली. पीळ घालून गुंडाळलं की कुठली कुठे गेली ते तिच्या नवऱ्यालाही सांगता येत नाही.

लानशिउ ही माझ्या धाकट्या जावेची, दोंगयिंगची सून. आमची दोन्ही घरं लाकडी, एकाच सज्जाला लागून, त्यामुळे त्यांच्याकडे भांडं पडलं तरी मला ऐकू यायचं. लानशिउचा नवरा शेंगफू दूर शहरात बुटांच्या कारखान्यात होता, नववर्षाला तेवढा यायचा. घरात सासू, सून आणि लानशिउची लहान मुलगी मान.

मान झाल्यावर लानशिउचे केस गळायला लागले. त्यात नवल नव्हतं. बाळंतिणीचे केस जातातच आणि मूल रांगायला लागेपर्यंत थांबतात. लानशिउचे थांबले नाहीत. मान चालायला लागली, बोलायला लागली, तरी लानशिउ रोज सकाळी सज्जात बसून फणीतले केस काढायची आणि मांडीवरच्या फडक्यावर एकेक लांब करून ठेवायची. दर महिन्याला तिच्या अंगावरून फार जायचं. ते कपडे धुवायला ती एकटीच ओढ्यावर जाई. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचंच जातं ना हो, काकू."

अंबाडा मात्र होता तेवढाच राहिला. डोक्यावरची बट जेवढी बारीक होत गेली तेवढी गळालेली बट जाड होत गेली. गावाने बघायचा तो अंबाडा, आणि तो तर भरदार.

"लानशिउ, अंबाडा आहे की लोणच्याची बरणी गं?" ओढ्यावर गावातली चिउलिंग ओरडायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"झाकण काढ की! आम्हालाही एक फोड दे." दुसरी कोणी भर घालायची.

लानशिउ तोंडावर हात ठेवून हसायची. दोंगयिंग सुनेच्या वतीने फुगायची. "माझ्या हातचं तांदळाचं पाणी आहे ते. पपनसाची साल घालून आंबवलेलं. तुम्ही लावा बाजारातला साबण."

खाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे सकाळ होते ती तेलातल्या चहाने. चहाची पानं आलं घालून तेलात परतायची, कुटायची, उकळायची आणि ते कडू पाणी वाटीतल्या लाह्या-शेंगदाण्यांवर ओतायचं. दुपारी परत तेच. संध्याकाळी भात. डुक्कर कापलं तर काळजाचा पहिला तुकडा वडीलधाऱ्याच्या वाटीत जातो. लानशिउ तो सासूच्या वाटीत ठेवायची, सासू नातीच्या. लानशिउ स्वतः मिरचीच्या लोणच्याशी भात खायची आणि म्हणायची, "मान जेवली की माझं पोट भरतं." येता-जाता ती कच्चे तांदूळ चावायची. चुलीच्या कडेची मातीही उकरून तोंडात टाकायची, कोणी पाहत नाही असं बघून.

त्या नववर्षाला शेंगफू येऊन गेला आणि लानशिउला दिवस गेले.

"बघा ताई, माती खातेय," दोंगयिंग मला म्हणाली. "डोहाळे आहेत. मुलगाच होणार."

"अगं, ती गेल्या वर्षीपासून खातेय."

"मग मुलगा गेल्या वर्षीपासून यायचं म्हणत असेल!" आणि स्वतःच हसली.

सहाव्या महिन्याच्या षष्ठीला आम्ही पेट्यांतले कपडे उन्हात घालतो आणि सगळ्या बायका ओढ्यावर केस धुतो. लानशिउला तेव्हा पाचवा महिना होता. ती म्हणाली थंडी वाजते. भर उन्हाळ्यात. दोंगयिंगने तिला हाताला धरून आणलं. लोकांपुढे सून मागे राहिली तर कसं दिसेल? मी लानशिउच्या मागे दगडावर बसले आणि अंबाडा सोडला.

कापलेली बट आधी हातात आली, काळी, जड. मग गळालेली. ती दावणीच्या दोरासारखी जाड होती, माझ्या साठीतल्या डोक्याचीही एवढी नाही. आणि राहिली डोक्यावरची, ती उंदराच्या शेपटीएवढी. भांगाच्या दोन्ही बाजूंना टाळू दिसत होती. पाण्यात वाकून ती उठली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. मी तिचा हात धरला तर नखं खोलगट झालेली, चमच्यासारखी.

आजूबाजूच्या बायका केस धुवायच्या थांबल्या. चिउलिंगसुद्धा.

दोंगयिंगने ती जाड बट उचलून हातावर तोलली. "पण एकही केस वाया घालवला नाही हं पोरीने," ती म्हणाली. "सगळे जपलेत."

दुसऱ्या दिवशी मी दोघींना घेऊन खालच्या गावच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण तरुण होती, बोलायला सरळ. तिने लानशिउच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. बोटातून रक्त घेतलं, गळा चाचपला.

"केसांसाठी आणलंय हिला," दोंगयिंग म्हणाली. "डोक्याला लावायला काहीतरी द्या."

"लावून काय होणार, मावशी? केस आतून जेवतो." डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "कधी गळ्यातल्या ग्रंथीमुळे केस जातात, म्हणून तीही तपासायला पाठवते. पण मला वाटतं हिचं रक्तच संपलंय. अंगात लोह नाही. लोह कमी पडलं की शरीर आधी काळजाला देतं, पोटातल्या मुलाला देतं. केसाचा नंबर शेवटी."

"मूल नीट आहे ना?" लानशिउने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"आत्ता आहे. पण हे असंच राहिलं तर ते वेळेआधी येईल, आणि तुला बाळंतपणात रक्त जाणं झेपणार नाही. तोपर्यंत रक्त भरायला हवं. या गोळ्या. काळीज खा, डुकराचं रक्त खा, पालेभाजी खा. आणि गोळीच्या आगेमागे चहा नको, तो लोह अंगाला लागू देत नाही."

"आमचा तेलातला चहाही?" मी विचारलं.

"तो तर मुळीच नको. किती कडक करता तुम्ही!"

तपासणीत गळ्याची ग्रंथी ठीक निघाली. रक्तच नव्हतं.

चार दिवस दोंगयिंगने काळीज आणलं, सुनेपुढे बसून खाऊ घातलं. वाईट बाई नव्हती ती. पण गोळ्यांनी लानशिउला मळमळायला लागलं, आणि आमच्याकडे मळमळीला एकच औषध.

"हे घे वरून. आलं जास्त घातलंय."

"आई, डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात."

"तिला मूल आहे का एक तरी? माझ्या आईने नऊ बाळंतपणं याच वाटीवर काढली."

मी सज्जातून बोलले, "दोंगयिंग, माझ्यासमोर सांगितलंय तिने. चहा नको म्हणून."

"ताई, दारावरून जाणाऱ्या परक्यालाही आपण वाटी देतो, आणि तो घेतो. माझ्या चुलीवरची वाटी माझीच सून परत करायला लागली तर मी तोंड कुठे दाखवू?" तिचा आवाज चिरकला. "माझ्या हातचं नको असेल तर तसं सांग गं. मी तुझ्यापुरती चूल बंद करते."

लानशिउने वाटी घेतली. "राहू द्या, काकू," ती मला म्हणाली. "एवढ्याशा वाटीने काय होतंय."

मग रोज तेच झालं. गोळी, वर वाटी. मी आणखी दोनदा बोलले, दोन्ही वेळा दोंगयिंग माझ्याशी बोलायची बंद झाली. पुढच्या तपासणीला रक्त होतं तेवढंच निघालं; डॉक्टरीण कागद उलटसुलट करून बघायला लागली. "गोळ्या घेतेस ना नेमाने?"

"हो."

"चहा?"

दोंगयिंग शेजारच्या बाकावर बसली होती, मानला मांडीवर घेऊन. लानशिउने तिच्याकडे पाहिलं नाही. "नाही घेत," ती म्हणाली.

डॉक्टरीणीने गोळ्या बदलल्या आणि पंधरा दिवसांनी सुई द्यायला बोलावलं. पण तेवढ्यात पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत भात पिवळं झालं आणि सुईला जाणं राहिलं. कापणी आली की आमच्या डोंगरावर आजाऱ्यालाही अंथरूण सोडावं लागतं. लानशिउ कापायला नाही, पण पेंढ्या बांधायला गेली. दोन पायऱ्या चढली की बसायची, छाती भात्यासारखी हलायची. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही. बांबूच्या डोलीतून पुरुषांनी तिला सडकेपर्यंत नेलं, तिथून गाडीने मोठ्या दवाखान्यात.

मूल आठव्यात आलं. मुलगा होता. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत एवढाच, आणि रडला नाही. लानशिउला परक्यांचं रक्त चढवलं, पिशवीमागून पिशवी. ती वाचली. डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर बायका अंडी घेऊन भेटायला आल्या. लानशिउ भिंतीला टेकून बसली होती, डोक्याला फडकं बांधून. अंबाडा धरेल एवढे केसच डोक्यावर राहिले नव्हते. दोंगयिंग सगळ्यांना चहा ओतत होती आणि प्रत्येकीला तेच सांगत होती.

"काय करणार? त्याचं नशीबच नव्हतं."

"हो बाई," चिउलिंग म्हणाली. "ज्याचं त्याचं नशीब."

"नशीब होतं, आई," लानशिउ म्हणाली. आवाज अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेला. "रक्त नव्हतं."

दोंगयिंगच्या हातातली पळी तशीच राहिली. बायकांनी वाट्या खाली ठेवल्या आणि एकेक करून उठल्या. चिउलिंगने जाताना मानच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी मानच्या तोंडून बोलतात. "आजीला सांग, पाणी तापलंय." "आईला सांग, भाजी झाकून ठेवलीय, खाऊन घे म्हणावं." पोर इकडून तिकडे पळत सांगते, तिला तो खेळ वाटतो. नववर्षाला शेंगफू आला, बाहेर सज्जात माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "घरात किती शांत वाटतं हो, काकू. कारखान्यात कान फुटतात नुसते."

मी त्याला म्हटलं, आत जा, बायकोजवळ बस.