भोगाच्या राखेतला जोड

या, असे अलीकडं सरकून बसा. टाळ थोडा वेळ खाली ठेवा. साखऱ्याजवळच्या बंजारा तांड्यातल्या रूपाची आणि तिनं धातूच्या पुडीपासून घडवलेल्या जोडाची गोष्ट सांगतो. गोष्ट कीर्तनाच्या रिंगणापर्यंत जाते, म्हणून मला तिचा फार जिव्हाळा.

रूपाचे वडील प्रेमदास महाराज. माणूस तांड्यातला, पण कीर्तनाला उभा राहिला की साखऱ्यातला मारुतीचा पार माणसांनी भरून जायचा. गळा गोड होताच, पण खरी गोडी त्यांच्या पावलीत. मृदंग चढू लागला की ते असे काही नाचत, की तरणे टाळकरी धापा टाकायचे. पुढं मळणीयंत्रात डावा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा लोकांनी पायाआधी पावलीचीच हळहळ केली.

नकली पाय बसवला. त्याच्या नळीला पंजा धरून ठेवणारा अ‍ॅल्युमिनियमचा एक जोड होता, अंगठ्याहून थोडा जाड. साध्या चालण्याला तो पुरायचा, पण पावली धरली आणि मोडला. दुसरा आणला, त्याचीही तीच गत. मग आखाडा बाळापूरचे इनायतभाई, लेथवाले आणि कीर्तनाचे मोठे शौकीन, त्यांनी पोलादाचा करून दिला. तो मोडला नाही, पण त्याच्या वजनानं गुडघ्याखालचं कातडं सोलून निघालं. शेवटी महाराज बसून कीर्तन करू लागले. बसून केलं म्हणून देवाला कमी ऐकू येतं असं नाही. पण काल्याच्या दिवशी सगळा गाव नाचायचा आणि ते पाटावर बसून मांडीवर ठेका धरायचे, ते रूपाला बघवत नसे.

रूपा तेव्हा लांबच्या शहरात, इंजिनिअरिंगच्या कॉलेजात संशोधन करत होती. दोन हजार तीनचा सुमार. काम असं, की अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि थोडं मॅग्नेशियम पोलादी डब्यात घालायचं, सोबत पोलादाचे गोळे टाकायचे आणि डबा तासन् तास गरगर फिरवायचा. गोळ्यांच्या माऱ्यात कण चपटा होतो, दुसऱ्याला चिकटतो, फुटतो, पुन्हा चिकटतो. असं होता होता त्याच्या पोटातला रवा, म्हणजे धातूचा दाणा, इतका बारीक होतो, की त्याला बघायला खास यंत्र लागतं. रवा बारीक झाला की धातूला बळ येतं, वजन मात्र वाढत नाही. मग ती पूड दाबायची, जेमतेम तापवायची आणि तिची कांडी काढायची. आच जास्त वेळ लागली तर बारीक रवे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

हे तिला सहज साधलं नाही. एकदा पूड डब्याच्या भिंतीला अशी लिंपून बसली, की छिन्नीनं खरवडावी लागली. मग त्यात चिमूटभर मेणचट आम्ल टाकायचं ती शिकली. एकदा झाकण घाईनं उघडलं, तर हवा लागताच पूड भडकली. सुट्टीत घरी आली तेव्हा आई, बेबीबाई, तिच्याकडं बघतच राहिली.

"काहून गं, भुवया कोणाला देऊन आलीस?"

"बाच्या पायाला," रूपा म्हणाली.

शेवटी एक कांडी मनासारखी उतरली. एकच. इनायतभाईंनी लेथवर तिचा जोड कातून दिला आणि काल्याच्या आदल्या सांजेला रूपा तो ओढणीच्या गाठीत बांधून तांड्यावर आली. पाय जोडायला इनायतभाई सकाळी येणार होते.

आता बेबीबाईची रीत ऐका. नवी वस्तू घरात आली की आधी भोग. शेणीचे निखारे करायचे, त्यांच्यावर तूप आणि लापशी सोडायची, धूर वर गेला की हात जोडायचे. नांगराचा नवा फाळ आणला, तर तो भोग निवेपर्यंत निखाऱ्याच्या राखेत पुरून ठेवायचा. हे तिच्या सासूनं शिकवलेलं. पहाटे तिनं लेकीच्या उशाजवळचा जोड उचलला आणि मोठ्या मायेनं तसाच पुरला.

रूपा उठून आली तेव्हा आई तो पदरानं पुसत होती. जोड मळकट पडला होता, अजून गरम होता.

"फाळ ठेवतो तसाच ठेवला," बेबीबाई हसून म्हणाली. "आता मोडायची बिशाद न्हाई त्याची."

रूपानं तो तिच्या हातातून घेतला आणि उजेडाकडं धरून उलटसुलट पाहिला.

इनायतभाई आले. त्यांच्या पिशवीत त्याच कांडीचा उरलेला तुकडा होता, नखाएवढा. रूपानं त्यांना बाजूला घेऊन दोन्हींवर टोच्याचा सारखाच घाव मारायला सांगितलं. तुकड्यावर नुसता ठिपका उमटला. जोडावर चांगली खळी पडली. बेबीबाई मागं येऊन उभी आहे, हे दोघांनाही कळलं नाही. तिनं विचारलं तेव्हा रूपानं सांगून टाकलं, की माझ्याच पुडीत काही चुकलं असेल.

बेबीबाईनं दोन्ही घाव निरखून पाहिले.

"एकाच कांडीचे ना हे? मग एकच मऊ कसा?" मग म्हणाली, "तूप चुलीच्या कडंला ऊबेत ऱ्हायलं की सकाळी रवाळ होतंय. याचंबी तसंच झालं का, बेटी?"

दुसऱ्यांदा खोटं बोलायला रूपाची जीभ वळेना. तिनं मान हलवली. बेबीबाई खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

बाजेवर बसलेले प्रेमदास सगळं ऐकत होते. त्यांनी हात पुढं केला.

"आण इकडं. भोगातून आलाय तो. परसादात कुणी कमी-जास्त बघतंय का?"

रूपानं बजावलं, की उभं राहण्यापुरता हा टिकेल, पण पावलीचा धक्का सोसणार नाही. "बराबर," ते म्हणाले आणि त्यांनी पाय बांधून घेतला.

साखऱ्याच्या पारावर महाराज उभे राहिले, तेव्हा म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. तासभर ते जागचे हलले नाहीत. पण काल्याचा गजर सुरू झाला, मृदंग चढला आणि त्यांचा उजवा पाय आपोआप ठेका धरू लागला. आता त्यांना कोण थांबवणार?

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून बेबीबाई उठली. फेटियाचा घेर सावरत, बांगड्या वाजवत ती थेट रिंगणात गेली आणि नवऱ्याच्या डाव्या काखेखाली तिनं आपला खांदा दिला. मृदंगाचा एक ठेका चुकला. कुणीतरी मागून म्हणालं, "महाराजांना आता तीन पाय झाले." सगळे हसले, बेबीबाईही हसली, आणि मृदंग पुन्हा चढला. डाव्या पायाचा सगळा भार तिच्यावर घेऊन दोघांनी पावली धरली. अडखळत होती, पण पावलीच होती. इनायतभाई टोच्या हातात धरून टाळ्या वाजवत होते. जोड मोडला नाही.

पुढच्या साली रूपानं दुसरा जोड आणला. बेबीबाईनं त्याला भोग दाखवला, पण अंगणाच्या पार दुसऱ्या टोकावरून. त्या जोडावर महाराज मनसोक्त नाचले. तरी डावा हात तिच्या खांद्यावरच असायचा.

बेबीबाई आज न्हाई. तुमच्या घरी कधी तूप रवाळ झालं, तर बोटावर घ्या, देवाचं नाव घ्या, आणि त्या माउलीची तेवढी याद असू द्या.