पाठीवरची गर्द पट्टी

मित्रांनो, मी एक जुना गरम कोट आहे. मुक्काम वालूर, शिवलिंगअप्पांचं घर. माझी एक बाही जरा विरली आहे, एक बटन दुसऱ्याच कोटाचं आहे. पण सध्या मी भारी खुशीत आहे, म्हणून बोलायला बसलो.

माझा जन्म सेलूचा. चंद्रभान टेलरच्या दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत मी कापडाचा कोट झालो. रंग पिकल्या जांभळासारखा गर्द. शिवलिंगअप्पा तेव्हा नवरदेव व्हायचे होते. गावात किराणा दुकान, अंगानं काटकुळे. आरशासमोर छाती फुगवून म्हणाले, "टेलर, एकदम फिट्ट पाहिजे बरं का!"

चंद्रभाननी तोंडातली टाचणी काढली आणि हसले. "अप्पा, माप तुमी आज द्यायलाव. अजून केळवणं जेवायचेत. घरोघर पुरणपोळी, वर तुपाची धार. लग्नादिवशी बटन लागंल का?"

आमच्याकडे लग्न ठरलं की नवरदेवाला भाऊबंद घरोघर जेवायला बोलावतात, आणि पोळी वाढणाऱ्या हाताला ‘पुरे’ ऐकू येत नाही. म्हणून चंद्रभाननी माझ्या पाठीच्या आणि बगलेच्या शिवणींत बोटबोट कापड आत दुमडून ठेवलं. टेलर लोक त्याला माया म्हणतात. अप्पा सगळी केळवणं जेवले, पण सायकलवर पोती वाहून जेवलेलं जिरवत राहिले. त्या शिवणी उसवायची वेळ आलीच नाही.

मग काय विचारता! अप्पांच्या लग्नात मिरवलो आणि पुढं गल्लीत ज्याचं लग्न त्याच्या अंगावर मीच. हळदीचे डाग पडले, निघाले. वरातीत नाचलो. माझ्या खिशात अक्षता सापडायच्या, सुपाऱ्या सापडायच्या, एकदा तर अर्धा बुंदीचा लाडू सापडला. लोक म्हणायचे, "कोट म्हंजे शिवलिंगअप्पाचा!" ते ऐकून माझी कॉलर ताठ व्हायची.

पुढं तयार कोटांची चमक आली आणि मला कुणी विचारेना. दारामागच्या खुंटीवर लटकलो. खिडकीतलं ऊन रोज पाठीवर पडायचं. जांभळाचा रंग उडत उडत धुतलेल्या पाटीसारखा झाला. खुंटीच्या टोकानं मानेपाशी टेंगूळ आलं ते वेगळंच.

यंदा माघात अप्पांच्या लेकाचं, पंकजचं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी घरात पाहुणे मावत नव्हते, आणि दारात शेत सांभाळणारे लिंबाजीकाका उभे.

"मालक, ज्वारीवर पाखरं लय उतरायलेत. बुजगावण्याला एखादा जुना कोट द्या की."

अप्पा घाईत होते. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ने त्यो खुंटीवरला."

मित्रांनो, नवरदेवांच्या खांद्यावर मिरवलेला मी आता काठीवर उभा राहणार होतो. लिंबाजीकाकांनी मला खांद्यावर टाकलं, उंबरा ओलांडला, आणि तेवढ्यात आतून हशा उसळला.

पंकजनं मोबाइलवरून मागवलेला नवा कोट घातला होता. माप दिलं होतं दिवाळीत, केळवणांच्या आधी!

"दादा, श्वास सोडू नको," त्याची बहीण शिवकन्या ओरडली. "बटन सुटलं तर थेट लग्न लावणाऱ्या स्वामींच्या कपाळावर बसंल!"

"मंग लोकांच्या ताटाला न्हाई म्हणायचं का?" त्याची आई चन्नबसम्मा लेकाच्या बाजूनं. "चुलत्या किती खूश झाल्या माझं लेकरू जेवलं म्हणून."

"आई, उद्या लगीन हाय! मी काय नुसत्या शर्टावर उभं राहू मांडवात?" पंकज रडकुंडीला आला होता.

शिवकन्या शिवणकाम शिकलेली. ती बाहेर धावत आली. "लिंबाजीकाका, थांबा! तो कोट इकडं द्या."

"आन् पाखरं?"

"पाखरांना दादाचा नवा न्या!"

तिनं मला पंकजच्या अंगावर चढवलं. "आधी खांदा बघायचा. खांदा जमला की कोट जमला. बाकीचं उसवता येतं." खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर नेमकी बसली. बाही मनगटाशी थांबली, खालून शर्टाची बोटभर पांढरी कड दिसली. पण बटन लावताच पोटावर फुलीसारख्या चुण्या.

शिवकन्यानं मला त्याच्या अंगातून काढून उलटं केलं, पाठीची शिवण चाचपली आणि आनंदानं किंचाळलीच. "आई गं! टेलरनं आत कापड ठेवलंय!"

शिवण उसवली, नवी घातली. बटन अलगद लागलं. पण आत दडलेल्या कापडाला कधी ऊन लागलं नव्हतं. उडालेल्या पाठीवर मधोमध दोन बोटांची गर्द पट्टी उमटली.

"शिवा, मागून पट्टी दिसायलीय गं," पंकज खट्टू झाला. "लोक हसतेत."

अप्पा पाहुण्यांना बाजूला सारत आले. त्या पट्टीवर त्यांनी बोट फिरवलं.

"माझ्या लग्नात कोट असा होता," ते म्हणाले. "सगळाच्या सगळा असा."

पंकजनं आरशात मान वळवून पट्टी पुन्हा पाहिली. "मंग राहू दे ती," तो म्हणाला.

टायची गाठ कुणालाच येईना. अप्पांनी ती आधी स्वतःच्या गळ्यात बांधली, सैल केली आणि लेकाच्या गळ्यात घातली. टोक बरोबर पट्ट्याच्या बक्कलावर आलं. हळद दळणाऱ्या चांगुणाबाईंनी तिथंच ओवी धरली:

*बापाच्या गं कोटामंदी, लेक नवरा गं झाला,*
*जांभळीचा जुना रंग, पाठीवर पुन्हा आला.*

दुसऱ्या दिवशी मांडवात मी असा मिरवलो की विचारू नका! रानातल्या बुजगावण्याला अप्पांचा जुना सदरा मिळाला.

आता मी कपाटात रुंद हँगरवर असतो. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला खुंटीला टांगू नका, उन्हात विसरू नका. वर्षातून एकदा सावलीत वारा द्या, अंगावरून मऊ ब्रश फिरवा. आणि टाकून देण्याआधी एकदा उलटा करून शिवण चाचपा.

माझ्या बगलेच्या शिवणींत चंद्रभान टेलरनी ठेवलेलं कापड अजून तसंच आहे. पुढच्या नवरदेवानं खुशाल पोटभर जेवावं.