शेळ्यांचा कॅमेरा

"येनी वाकडी जायची तुझी, सहादू. पन रोज घालायचास," बिभीषण म्हणाला.

माझ्या बायकोचं, चांगुणाचं तेरावं आदल्या दिवशी झालं होतं. शेजारचा बिभीषण सकाळीच ओट्यावर येऊन बसला होता, मला एकटं वाटू नये म्हणून. मी चहा ओतत होतो. लकवा मारल्यापासून चांगुणा आत खोलीत खाटेवर होती. तिची वेणी मी घालायचो, पण दार लावून. तिनंच तसं सांगितलं होतं.

"तुला कुनी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मोबाईलवर दिसायचं की."

बिबट्याच्या भीतीनं गावात बऱ्याच जणांनी तिसगावच्या ओंकारच्या दुकानातून कॅमेरे आणले होते. मीही शेळ्यांसाठी एक आणला होता. चांगुणा अंथरुणाला खिळल्यावर तोच काढून तिच्या खाटेसमोर लावला. रानात असलो तरी ती मोबाईलवर दिसायची.

बिभीषणनं मोबाईल काढून आधी स्वतःच्या शेळ्या दाखवल्या. मग बोट सरकवत गेला. कुणाची म्हैस, कुणाची कांद्याची चाळ, कुणाचं अंगण. मग माझी खोली आली. रिकामी खाट आणि तिच्यावर घडी केलेली गोधडी.

माझ्या मोबाईलवर ही खोली सगळ्यात वर होती. खाली बोट सरकवलं की दुसऱ्यांचंही दिसतं, हे मला माहीत नव्हतं.

"आमी शेळ्या बघाया उघडायचो, तर वैनी दिसायच्या," बिभीषण म्हणाला. "आमची कडू तर रडायची. म्हनायची, सहादूभावजी किती करत्यात बघा, तुमी कराल का माझं?" तो हसला. मग माझ्याकडं बघून थांबला.

"आंगूळ घालताना?" मी विचारलं.

त्यानं कप खाली ठेवला.

"म्या लगीच फुडं सारायचो," तो म्हणाला.

दुपारी कॅमेरा काढला, पिशवीत घातला आणि जीपनं तिसगावला गेलो. ओंकार कुणाचा तरी मोबाईल उघडून बसला होता.

"काका, सगळ्यांना एकच खातं अन् एकच पासवर्ड दिलाय," तो म्हणाला. "लोकं विसरत्यात, मग मलाच फोन करत्यात. तुमचं येगळं करून देतो की. दोन मिनिटांचं काम हाय."

"आदी कुनी कुनी बघितलं ते कळंल का?"

"ते न्हाई कळत." त्यानं मान वर केली. "शेळ्यांचे कॅमेरे हायेत, काका. कोन बघत बसतंय?"

खोलीत कोण होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. कॅमेरा त्याच्या टेबलावरच ठेवून आलो.

परतीच्या जीपमध्ये गावातलीच माणसं होती. त्यांनी सरकून जागा दिली. चांगुणाचं वाईट झालं म्हणाले. मी मान हलवली आणि यांतल्या कुणाकुणाकडं शेळ्या आहेत ते आठवत बसलो.

शनिवारी धनश्री सासरहून, खर्ड्याहून पुन्हा आली. माझी एकुलती एक लेक. आईच्या आजारपणात ती महिना-महिना येऊन राहायची. आईला आंघोळ घालायची, स्वतःही त्याच खोलीत लुगडं बदलायची. दुसरी खोलीच नाही आमच्याकडं.

संध्याकाळी ती खाटेवर बसून आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती.

"आईला लई लाज हुती, तात्या," ती म्हणाली. "दवाखान्यात नर्सला बी हात लावू देत न्हवती. डोळं मिटून घ्यायची."

"व्हय."

"बरं झालं घरी आनलं. तुमी अन् मी, तिसरं कुनी न्हाई. अब्रूनं गेली."

मी व्हय म्हणालो. तिनं एक साडी स्वतःसाठी बाजूला काढली. ती नेऊ का म्हणून विचारलं. ने म्हणालो.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती गेली. तिला अजून सांगितलेलं नाही.