अठ्ठ्याहत्तरवर थांबलेला आकडा

राजेश्वरीला वेगाचं वेड होतं. माणसं प्रोग्राम लिहितात, दुसरा एक प्रोग्राम त्याचं मशीनला कळेल असं भाषांतर करतो, आणि त्या भाषांतरात काटछाट करून मशीन पळवायचं कसं, हेच तिचं संशोधन. हिशेब साधा होता. प्रोग्राममध्ये एखादा आकडा कुणी बदलतच नसेल, तर तो पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ कशाला घालवायचा? गाईडनी पाठ थोपटली, तशी बाई आणखीच चेवाने काटछाट करत सुटली.

धाकटा भाऊ शिवतेज पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाची रसायनं बनवणाऱ्या एका कारखान्यात ऑपरेटर होता. तिथलं कंट्रोल पॅनेल रडतखडत चालायचं. "ताई, तुझी जादू दाखव की," तो म्हणाला, आणि बाईसाहेबांनी हौसेने त्याचा प्रोग्राम आपल्या काटछाटीतून काढून दिला. काल तो पॅनेलवर चढला. आज त्यावर पहिला माल शिजत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीत वरणभात पुढ्यात घेऊन ती आपल्याच करामतीकडे कौतुकाने बघत बसली होती. रिअ‍ॅक्टरच्या बंद टाकीतला माल अठ्ठ्याहत्तर डिग्रीला पोचला की तिथेच धरायचा, वर चढू लागला तर थंड पाणी सोडायचं, एवढाच तो भाग. तिने तो पुन्हा वाचला, आणि ताट बाजूला सारलं. माल अठ्ठ्याहत्तरला पोचला की तापमान एकदाच वाचलं जात होतं. पुढे वाचायची ओळ काटछाटीत उडाली होती, कारण प्रोग्राममध्ये तो आकडा कुणीच बदलत नव्हतं. तो बदलत होता रिअ‍ॅक्टर! घरी चाचणी घेताना तिने तापमान प्रोग्राममधूनच चढवलं-उतरवलं होतं, म्हणून सगळं बरोबर आलं होतं.

तिने शिवतेजला फोन लावला. बंद. मोबाईल गेटवरच ठेवावे लागतात, हे आठवलं आणि ती तशीच उठली. जिना उतरून तिने मिळेल ती रिक्षा पकडली. माल तापत गेला तर रिअ‍ॅक्टर फुटेल, आणि शिवा त्याच्या शेजारी उभा असेल. आईला काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

गेटवर वॉचमन गोटीराम आडवा आला. "आत नाय जाता येनार. इंटरकॉम हाय, बोला." त्याने आत फोन लावून रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"शिवा, स्क्रीनवर किती आहे?"

"अठ्ठ्याहत्तर. एकदम कडक चाललंय, ताई."

"कधीपासून?"

"जेवायच्या आधीपासून. जरा म्हणून हललं नाय बघ."

"रिअ‍ॅक्टरवरचा काटा बघितलास?"

"आता कशाला बघायचा? तुझा प्रोग्राम हाय ना."

तिला रडूच फुटलं. "तो आकडा खोटा आहे, शिवा. मी चुकलेय. सगळ्यांना घेऊन बाहेर पळ."

"तू आणि चुकशील? काय पण सांगते!"

ताई दहावीला पहिली आली तेव्हापासून ताई चुकत नाही, हे त्या घरात ठरूनच गेलं होतं. राजेश्वरीला आज स्वतःच्या हुशारीचा मनापासून राग आला. "आईची शपथ, शिवा! चुकलेय मी!"

पलीकडे रिसीव्हर तसाच टाकून दिल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा, पळणारी पावलं. शेडमधून माणसं बाहेर येऊ लागली. प्रत्येक चेहरा ती बघत होती आणि एकही शिवाचा नव्हता. गोटीरामने तिला खुर्ची दिली, पण बसायचं तिला सुचेना.

"ताई," रिसीव्हरमधून धापा ऐकू आल्या. "काटा लाल पट्टीच्या पार गेलता. हाताने पाणी सोडलं. उतरतोय आता."

ती तिथेच जमिनीवर बसली. "आधी बाहेर ये तू."

"येतो. पण ताई, मग बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"सकाळी चहाच्या टपरीवर मी पेनड्राइव्ह दिला ना. कान्हाला, दत्तूला. आपल्याच साताऱ्याकडची पोरं, आजूबाजूच्या कंपन्यांत ऑपरेटर, पॅनेल पण सेम. म्हटलं, माझ्या बहिणीने बनवलंय, घ्या." त्याचा आवाज बारीक झाला. "त्यांनी पुढं कुणाकुणाला दिलं, ते नाय माहीत."

तिने मान वर केली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडच शेड होत्या, आणि सगळीकडे काम जोरात चालू होतं. कुठून सुरुवात करायची ते तिला कळेना. ती उठली आणि समोरच्या पहिल्याच बंद गेटवर दोन्ही हातांनी थापा मारू लागली.