कड्याआधीचा पट्टा, कड्यानंतरचा पट्टा

"महाराज, तुमचं स्वतःचं बीपी किती आहे?"

प्रश्न टिटवीच्या तोंडून सुटला आणि विद्यापीठाच्या व्यायामशाळेतली तीनशे डोकी तिच्याकडे वळली. शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, 'विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहतो.' आता त्या तिघी खांबामागे अशा दडल्या होत्या, जणू हिला कधी पाहिलंच नाही. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज घशात अडकायचा. यंदा तो एकदाचा सुटला आणि आवरेना. घरी तिला टिटवी म्हणत ते त्यामुळंच.

व्यासपीठावरचे नाडीगुरू गोड हसले. अंगात पांढराशुभ्र ट्रॅकसूट, मनगटात तांब्याचं जाडजूड कडं. "बाळ, समुद्राची खोली कुणी फूटपट्टीनं मोजतं का?"

टाळ्या.

"रक्त का उकळतं? विचार उकळतात म्हणून. मी फक्त झाकण काढतो."

पुन्हा टाळ्या. हे झाकण अंगात नेमकं कुठं असतं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती.

कारण चमत्कार डोळ्यांदेखत चालला होता. विद्यार्थी तीन जिने चढून धापा टाकत येत. गुरूंचा सहायक त्यांना तिथंच उभं करून मापं घेई. त्याला पोरं मापाडी म्हणत. "श्वास सोडा, पोट सैल." कंबर ब्याण्णव. मग लोंबत्या हाताच्या दंडाला पट्टा. बीपीचा वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न. भिंतीवरच्या पडद्यावर तो लालभडक उमटे आणि सभा चुकचुके. मग मनगटात कडं घालायचं आणि दहा मिनिटं गादीवर डोळे मिटून पडायचं. त्यानंतर पुन्हा मापं. "आता छाती फुगवा, श्वास आत." कंबर अठ्ठ्याऐंशी. हात एका उंच, मऊ उशीवर. बीपी एकशे चोवीस, हिरवंगार.

कोपऱ्यात विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाई टेबल मांडून बसल्या होत्या. त्यांच्यापुढं चिटपाखरू नव्हतं. मीठ कमी करा, चाला, वेळेवर झोपा, एवढंच त्या सांगत. असल्या गोष्टींना टाळ्या पडत नाहीत.

टिटवीला खरं तर टाळ्यांशी देणंघेणं नव्हतं. तिचा जीव अडकला होता दादात. दादा विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, गोळाफेकीतला पदकवाला, दंड म्हणजे दुसऱ्याची मांडी. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी पाच वेळा तपासून त्याला बीपीची गोळी सुरू केली, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. बाबा पोस्टमन, रोज दीडशे दारं वाजवणारा माणूस. पण ही बातमी त्यांनी घराच्या भिंतींनाही कळू दिली नाही. "विसाव्या वर्षी गोळी? लोक काय म्हणतील?" मग अकरा दिवसांपूर्वी गुरूंकडून हे कडं आलं आणि गोळी बंद झाली. तेव्हापासून दादा संध्याकाळी डोकं धरून बसे. "आतला दाब बाहेर पडतोय," गुरू म्हणाले होते.

आजही हुकमी एक्का दादाच होता. कडं काढलं, एकशे चौऱ्याहत्तर. कडं घातलं, झोपवलं, एकशे बत्तीस. लोक खुर्च्यांवर चढून बघत होते.

"या मुलीला वर आणा," गुरू म्हणाले. "शंका हाही एक आजारच आहे. हिचंही मोजू."

हशा पिकला. टिटवी वर गेली. मापाडीनं पहिला पट्टा बांधला. आकडा आला एकशे आठ, हिरवा. मापाडीनं यंत्रावर टिचकी मारली आणि पुन्हा बघितलं.

"बालमन निर्मळ असतं," गुरू घाईनं म्हणाले. "कडं घाला."

दहा मिनिटांनी मापाडीनं दुसरा पट्टा काढला. तो तिच्या दंडाभोवती दोन वेढे घेऊनही खाली घसरला. टिटवी त्याच्याकडे बघतच राहिली. आई शिवणकाम करायची आणि दंडघेर घेणं हे टिटवीचंच काम. एका मापाची बाही दोघांना बसत नाही, हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. मघाशी पहिला पट्टा दादाच्या दंडाला काचला होता, टोकाला जेमतेम चिकटला होता. तिच्या काडीसारख्या हाताला तोच अगदी बेतून शिवल्यासारखा बसला.

"मापाडीकाका, हा पट्टा वेगळा आहे. मोठा आहे."

"तांत्रिक बाब आहे."

"मग उलटं करून बघू. दादाला कडं घालू द्या, पण पट्टा पहिला बांधा आणि हात लोंबता ठेवा. मग कडं काढून मोठा पट्टा आणि उशी."

"ऊर्जा अशी फर्माईशीवर वाहत नाही, बाळ," गुरू म्हणाले.

"सकाळपासून नुसती वाहतेय की," दादा उठत म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बांधा."

मापाडी पाणी आणायला म्हणून गेला तो गेलाच. पट्टा बांधायला डॉक्टरीणबाई आल्या.

मनगटात कडं, लहान पट्टा, लोंबता हात. एकशे बहात्तर. पडदा लाल.

मग कडं टेबलावर, दहा मिनिटं विश्रांती, मोठा पट्टा, उंच उशी. एकशे तीस. पडदा हिरवा. कडं टेबलावर आपलं निवांत पडून होतं.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, म्हणजे कडं उशीलाच घालायला हवं होतं." मग जो हशा उसळला, त्यात गुरूंचा "ग्रहमान, ग्रहमान" हा शब्द पार बुडून गेला.

"दंडाला पट्टा आखूड पडला की आकडा चढतो, मोठा झाला की उतरतो," बाई समजावून सांगू लागल्या. "हात हृदयाच्या खाली लोंबला की चढतो, वर उचलला की उतरतो. जिने चढून आल्या आल्या तर चढणारच."

"आणि कंबर श्वासानं कमी होते," टिटवी म्हणाली. "पोट आत ओढून माप देणारी गिऱ्हाईकं आमच्याकडे रोज येतात. आठवड्यानं तोच शर्ट उसवायला आणतात."

बाईंनी दादाला खुर्चीत टेकून बसवलं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला, दंडघेर मोजून बेताचा पट्टा निवडला. पाच मिनिटं त्याला बोलू न देता तसंच बसू दिलं. आकडा आला एकशे छपन्न. पुन्हा घेतला, एकशे चौपन्न. "गोळी चालू होती तेव्हा एकशे सव्वीस होतं," बाई हळूच म्हणाल्या. "अकरा दिवस हे असं अंगात घेऊन तू गोळा फेकत होतास."

दादानं टेबलावरचं कडं दूर सारलं.

नाडीगुरू मागच्या दारानं गेले होते. लोकहो, पडद्यावर आकडा दिसला की तो लाल का हिरवा ते मागाहून बघा. आधी माप कुणी घेतलं, कशानं घेतलं, कसं घेतलं ते विचारा. विचारायला तीन सेकंद लागतात आणि फार तर लोक हसतात.

घरी आई मशीनवर होती, बाबा टपालाची पिशवी धुऊन वाळत घालत होते. दादानं सगळं सांगितलं. बाबांनी आधी खिडकी लावली.

"बरं झालं कळलं. आता गोळी घे. पण बाहेर कुठं बोलू नका."

"बाबा, बोलायचं नाही म्हणूनच आपण त्या कड्याच्या नादी लागलो," टिटवी म्हणाली. "व्यायामशाळेत तीनशे जण होते. त्यांच्याही घरी खिडक्या अशाच लावत असतील."

आईचं मशीन थांबलं.

"सोमवारी शाळेच्या परिपाठात मी हे सगळं सांगणार आहे. दोन पट्टे, उशी आणि दादाची गोळीसुद्धा. मी दादाला विचारलंय, तो हो म्हणालाय. तुम्हाला परवानगी विचारत नाहीये बाबा, नुसतं सांगतेय."