दर्याला दिलेली प्रत

माझा स्वभाव मुळातच संशयी. बायको त्यावरून टोमणे मारते, पण बँक मला पगार देते तो त्यासाठीच. बेलापूरच्या आमच्या नव्या शाखेत निर्यातीचे कागद तपासायचं काम माझ्याकडे होतं. माल जहाजावर चढला की जहाज कंपनी बिल ऑफ लेडिंग देते, आणि त्याच्या तीन अस्सल प्रती निघतात. तिन्हींची किंमत सारखीच. त्यातली कुठलीही एक परक्या बंदरात दाखवली की दाखवणाऱ्याला माल मिळतो. म्हणून तिन्ही हातात आल्याशिवाय बँक पुढे हलत नाही.

हे मी खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या हिरामणला बजावून सांगितलं होतं. त्याचा हा पहिलाच परदेशी व्यवहार. गावातल्या पंधरा-वीस घरांचे सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, त्यानं शब्दावर उचलले होते आणि सिंगापूरला पाठवले होते. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद घेऊन आला. एल.सी.ची, म्हणजे घेणाऱ्याच्या बँकेनं पैशांची दिलेल्या हमीची, मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. मी तपासायला घेतले. जहाजाचं नाव जुळलं, तारीख जुळली, सही होती, आणि बिल ऑफ लेडिंगच्या प्रती मात्र दोनच.

हिरामणनं पिशवी उलटी केली, खिसे चाचपले. परवापर्यंत तीन होत्या, घरी फळीवर ठेवल्या होत्या, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. सिंगापुरात सोड्यांचा भाव पडलाय हे मला ठाऊक होतं. घेणारा कागदातली चूक शोधायलाच बसलेला असणार. ती सापडली की माल नाकारायला तो मोकळा, आणि हिरामण गावाला तोंड दाखवू शकणार नाही. पण मला दुसरंच वाटलं. यानं तिसरी प्रत कोणा दलालाला परस्पर तर दिली नाही?

मी त्याच्याबरोबर दिवाळ्याला गेलो. त्याची आई, चांगुणाबाई, दारात मासळीची पाटी धूत बसली होती. हिरामणनं विचारलं तेव्हा तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मीच दिला दर्याला," ती म्हणाली. "तीन सारखेच व्हते. माल पान्यावरून चाललाय, तर एक कागद त्याला नको?"

काल संध्याकाळी सगळ्या गावानं खाडीत नारळ सोडले, त्यातल्या तिच्या नारळाला तो कागद बांधला होता.

हिरामणला ते लगेच पटलं. मी मात्र कसला माणूस, मला तेही खरं वाटेना. मायलेकांनी ठरवून सांगितलं असेल, असं मनात आलं आणि तोंडून गेलंसुद्धा. "खरं सांगा हिरामण, कोणाला दिलीत?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझीच लाज वाटली.

भरतीनं नारळ आत खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत नेला असणार, ओहोटी लागली की चिखलात शोधू, असं तो आईला म्हणाला. तिनं साफ नकार दिला. दर्याला दिलेलं मागे घ्यायचं नाही. त्यातून उद्या होड्या मासेमारीला निघणार होत्या, आणि हिरामण स्वतः जाणार होता. तो एकटाच खाजणाकडे गेला. मी शाखेत परतलो. दुपारभर दुसरं कुठलंही काम हातून झालं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवायचो आणि बघायचो. एरवी खातेदाराच्या कागदापायी माझा जीव कधी असा वरखाली झाला नव्हता.

शाखा बंद व्हायची वेळ झाली तेव्हा दार उघडलं. हिरामण नव्हता, चांगुणाबाई होती. कमरेपर्यंत चिखल. तिनं माझ्या टेबलावर नारळ ठेवला. त्याला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी घट्ट गुंडाळलेली होती आणि आत घडी घातलेला कागद.

"लेकाला गवसंना," ती म्हणाली. "मंग मी उतरले."

एक कड ओली होती, बाकी कोरडा. शिक्का स्वच्छ, सही शाबूत. मी तिन्ही प्रती जुळवून पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या, आणि मुदतीच्या आत दाखल करून घेतल्या. चांगुणाबाई उभीच होती. आता दर्याला काय देऊ, असं तिनं विचारलं. जहाज कंपनी अस्सल प्रतींबरोबर बिनसहीच्या नकला देते. त्यातली एक मी तिच्यापुढे धरली.

"ह्यो खरा हाय?"

हो म्हणायला काय जात होतं? पण कागदाच्या बाबतीत खोटं माझ्या तोंडून निघत नाही. नक्कल आहे, म्हणालो.

"मंग नको. त्याला कुटं नक्कल देतात? सांगीन मी, उसना घेतला म्हनून." नारळ उचलून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी होड्या गेल्या. मंगळवारपर्यंत परत यायच्या होत्या. मंगळवारी इतरांच्या आल्या, हिरामणची आली नाही. बुधवार गेला. वारा फिरलाय, असं बँकेचा शिपाई सांगत होता. दर्याला दिलेला तो कागद मागे घ्यायला मीच तिला भाग पाडलं होतं, हा विचार डोक्यातून जाईना. गुरुवारी दुपारी सिंगापूरचा टेलेक्स आला. कागद मान्य, पैसे जमा. मी टेलेक्स खिशात घातला आणि तडक दिवाळ्याला निघालो.

चांगुणाबाई धक्क्यावर उभी होती. मी पैशांचं सांगायला लागलो.

"थांबा जरा," ती म्हणाली. तिची नजर खाडीच्या तोंडावर होती.

मीही तिच्याशेजारी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग लांबवर एक होडी दिसली, पुढच्या बाकदार टोकाची, हिरव्या पट्ट्याची. ती जवळ येईपर्यंत चांगुणाबाई ओठातल्या ओठात माणसं मोजत होती. मीही मोजत होतो. सुकाणूवर हिरामण होता. त्यानं हात वर केला.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"हां साहेब. आता सांगा, काय म्हनत व्हते ते."