न चिकटणारं चुंबक

“आत्या, तुझं हे चुंबक फ्रिजच्या दाराला चिकटतं का?”

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातला नव्हता. चष्मिस आणि लंबू, माझ्या दोन जिवलग मैत्रिणी, आत्याच्या प्रयोगशाळेच्या दारातच कुजबुजल्या होत्या, “शास्त्रज्ञ बाईंना असलं विचारायची तुझी टाप नाही!” गेल्या वर्षीची मी असते तर शेपूट घातली असती. पण हल्ली माझं तोंड जरा सुटलंय. जरा म्हणजे भरपूरच. टाकलं विचारून.

आत्या हसेल असं वाटलं होतं. तिने टेबलावरची काचेची बशी पुढे ओढली. तिच्यात करड्या गोळ्या होत्या, औषधाच्या दुकानात मिळतात तशा चपट्या.

“चिकटलं तर माझी वाट लागेल,” ती म्हणाली. “परवा या गोळ्या घेऊन मोठ्या मशीनवर जायचंय. त्यांच्यावर न्यूट्रॉनचा झोत सोडून आतली चुंबकं कशी वागतात ते बघणार. वर्षभर थांबले तेव्हा कुठे माझा नंबर लागलाय.”

“पण जे चिकटत नाही ते चुंबक कसलं?” लंबूने नाक मुरडलं.

“सांगते. तिघी अशा त्रिकोणात उभ्या राहा. तुम्ही तिघी अणू, म्हणजे इवलीशी चुंबकंच. नियम एकच, शेजारणीच्या उलट करायचं. ती उभी तर आपण बसायचं.”

लंबू उभी राहिली. मी पटकन बसले. चष्मिस अर्धवट वाकून थांबली, ना उभी ना बसलेली. “मी काय करू? बसले तर हिच्यासारखी, उभी राहिले तर तिच्यासारखी!”

“म्हणजे तीन तिगाडा काम बिगाडा!” मी ओरडले.

“अगदी तेच!” आत्याने टाळी वाजवली. “चौघी चौकोनात असत्या तर एकीआड एक बसून मोकळ्या झाल्या असत्या. पण या गोळ्या ज्या ऑक्साइडच्या आहेत त्यात अणूंचे त्रिकोणच त्रिकोण, कोपऱ्याला कोपरा लावलेले. कोट्यवधी अणू आणि सगळे हिच्यासारखे अर्धवट वाकलेले. कितीही गार करून शांत करायला बघा, त्यांचं एकमत होत नाही. त्या गोंधळात आत नेमकं काय चालतं, तेच मला बघायचंय.”

“मॅडम, माझी कंबर गेली,” चष्मिस म्हणाली.

मला मात्र चैन पडेना. इतकी छोटी छोटी चुंबकं आत असून बाहेर काहीच कसं कळत नाही? प्रयोगशाळेतल्या फ्रिजवर लिंबाच्या आकाराचं चुंबक होतं. मी ते काढलं आणि बशीतल्या एका गोळीला लावलं.

कट्ट! गोळी उडी मारून चिकटली.

“चिकटलं! चिकटलं!” मी नाचायलाच लागले. मग आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने दुसरी गोळी लावून बघितली. चिकटली. तिसरीही चिकटली.

“लोखंड शिरलंय कुठून तरी,” ती खुर्चीत बसली. “हे माझं चुंबक नाही, ही भेसळ आहे. नव्याने घोटायचं, दाबायचं, भट्टीत भाजायचं म्हणजे आठवडा जातो. नंबर गेला माझा.”

चष्मिसने माझी बाही ओढली, निघूया म्हणून. पण माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न येऊन बसला होता, आणि हा माझा स्वतःचा होता.

“आत्या, लोखंड सगळ्या गोळीत आहे की नुसतं बाहेर?”

“म्हणजे?”

“गोळी आकाराला कशात येते?”

“स्टीलच्या साच्यात...” आत्या बोलता बोलता थांबली. उठून तिने साचा उजेडात धरला. आतून ओरखडेच ओरखडे. पूड दाबताना स्टील खरवडलं जात होतं. ती स्वतःवरच वैतागली, “घोटायला दगडी खल वापरते, चमचासुद्धा प्लास्टिकचा, आणि साचा तपासायचा राहिला!”

“मग एक फोडू?”

आत्याने बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “फोड, बाई.”

मी गोळी कागदात गुंडाळून हातोडीने ठोकली. आत्याने चिमट्याने आतला तुकडा उचलून लिंबाच्या चुंबकाजवळ नेला. आम्ही तिघींनी श्वास रोखला. तुकडा ढिम्म. अगदी खेटवला तरी ढिम्म. कडेचा कपचा मात्र टुणकन चिकटला.

“वरची सालं काढायची!” लंबू किंचाळली.

दुपारभर आम्ही चौघींनी पॉलिश कागदावर गोळ्या घासल्या. बोटं करडी, नाकं करडी. संध्याकाळी आत्याने एक गोळी तिच्या मोजणीच्या यंत्रात घातली. पडद्यावर रेघ उमटायला लागली तशी ती पुढे पुढे झुकली. मग वळून माझ्या डोक्यात टपली मारली, “चोंबडे! लोखंडाचा मागमूस नाही. जाते मी परवा.”

“मी पण!”

“मशीनच्या दालनात तुला सोडणार नाहीत. बाहेरच्या खोलीत बसून पडदा बघता येईल. पण आधी घरी विचार. तुम्ही परवा समुद्रावर चाललाय ना?”

घरी आल्यावर आई बॅगेत टॉवेल कोंबत होती आणि बाबा बॅगेवर बसून चेन ओढत होते.

“हे काय तोंड करून आलीस?” आई म्हणाली. “जा, आंघोळ कर. आणि बॅगेत भरायला तुझे कपडे काढून ठेव.”

“माझे कपडे घालू नका त्यात. मी समुद्रावर येत नाहीये. आत्याबरोबर जाणार आहे.”

“माझ्या बहिणीने फूस लावली वाटतं?” बाबांनी चेन सोडली.

“नाही बाबा. माझं मीच ठरवलंय.”